घटातला टाकळा

गुडघ्याच्या दुखण्यामुळे श्रावणापासून मला मागच्या बागेत खाली बसता आलं नाही. नुसती पायरीवरून बघत राहिले. आता पाऊस सरलाय, ऊन पिवळं पडायला लागलंय आणि बाग कुणाची आहे हेच कळेनासं झालंय. मी लावलेला गुलाब काटक्या होऊन उभा आहे. त्याच्या वाफ्यात टाकळा कमरेएवढा वाढलाय, कुर्डूचे गुलाबी तुरे डोलतायत, आघाडा येता-जाता साडीला चिकटतो. यांना कुणी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही. मायेनं लावलेलं रुसून बसतं आणि न बोलावलेलं ठाण मांडतं, याचा मला मनापासून राग येतो. माणसांचंही असंच असतं, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. राग गेला नाही.

घटस्थापनेला शेजारची सुनीता माती मागायला आली. "बाजारातल्या मातीत गेल्या वर्षी गहू रुजलाच नाही, काकू. तुमच्याकडे काय, काहीही उगवतं."

मी तिला टोपलीभर माती दिली. वर हसलेसुद्धा.

पाचव्या माळेला ती परत आली. "काकू, घटात गव्हाबरोबर टाकळाही उगवलाय. उपटू का?"

"घटातलं उपटतात का कधी?" माझ्याच तोंडून निघून गेलं.

म्हणजे आता दसऱ्यापर्यंत त्याला रोज पाणी, माळ, आरती. आणि टाकळा तर दिवस मावळला की पानं मिटून घेतो. तिकडे आरतीला सगळ्यांना वाटत असेल, बिचारा हात जोडून उभा आहे.