पांढरी बाजू वर

कार्तिकात गावी, पासलीच्या शेतावर भात झोडताना माझा नवरा खाली बसला आणि उठला नाही. मी भोरला वर्गात होते. फोन आला तेव्हा खडू हातात होता.

मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. किरणोत्साराचा धडा मी चिंचोक्यांवर शिकवते, आणि ते चिंचोके नवरा फोडून द्यायचा. त्याच्या गावी पावसाळ्यात चल्लस खेळताना फाशांऐवजी टाकायला फोडतात तसे: दगडावर धरून एक ठोका, दोन फाका, एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरी. मुलं मूठभर फाका फरशीवर टाकतात. पांढरी बाजू वर आली की त्या अणूचं विघटन झालं असं समजायचं आणि ती फाक बाजूला काढायची. उरलेल्या पुन्हा टाकायच्या. दर खेपेला साधारण निम्म्या उरतात. कुठली फाक कधी उलटेल, हे मात्र कुणालाही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या रजेत तो धडा एका सहकाऱ्यानं उरकला. यंदा तो वर्षश्राद्धाच्या तोंडावर आला.

सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, तो गेल्यापासून माझ्याकडे भोरला आहेत. शेत चुलत दीर बघतात. वैशाखात ते तांदूळ घेऊन आले आणि चहा पिताना म्हणाले, "वैनी, निम्मं वरीस सरलं. म्हंजी निम्मं दुख सरलं. वर्सराद झालं की मोकळ्या बगा तुमी."

त्यांना धीर द्यायचा होता. आत्यांनी ते वाक्य धरून ठेवलं. भाजी निवडताना, अंथरूण घालताना त्या विचारायच्या, "वर्सराद झालं की थांबतंय न्हवं गं ह्ये? तू शिकल्याली हायस." त्यांचा सगळा भार त्या एका दिवसावर होता.

धड्याच्या आदल्या दिवशी त्याच म्हणाल्या, "चिंचुके त्यो फोडायचा ना? आन हिकडं." त्यांचा नेम चुकत होता. बऱ्याच चिंचोक्यांचा चुरा झाला. त्यांनी चुराही पदरानं गोळा करून डब्यात भरला.

वर्गात आधी समीकरण लिहिलं. युरेनियमच्या केंद्रकातून अल्फा कण बाहेर पडतो, थोरियम उरतं. ब्याण्णव प्रोटॉनचे नव्वद आणि दोन. डावीकडची बेरीज उजवीकडे जुळलीच पाहिजे, जे गेलं ते कुठं गेलं हे दाखवता आलं पाहिजे, असं मी सवयीनं सांगितलं आणि फळ्याकडे वळून लिहिलेलीच ओळ पुन्हा गिरवली. मुलांना वाटलं असेल, पुढची ओळ आठवते आहे.

मग फाका वाटल्या. खाली बसून टाकाटाकी सुरू झाली. शेवटी एकच फाक उरली. ती काही केल्या पांढरी पडेना.

"मॅडम, ही हिर्डोशीची एस्टी हाय," एक मुलगी म्हणाली. ती त्याच गाडीनं येते. "कवा येईल कुनी सांगावं!"

"तुजी गाडी येती तरी का?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसले असेन.

मी विचारलं, "किरणोत्सारी आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. सोळा दिवसांनी किती उरेल?"

"सगळं संपलं, मॅडम!" हिर्डोशीची मुलगी सगळ्यांच्या आधी म्हणाली. "आठात निम्मं, सोळात पुरं."

दरवर्षी कुणीतरी हीच चूक करतं.

"नाही. पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचं निम्मं जातं. पाव राहतं. मग त्या पावाचं निम्मं."

"मंग संपतं कवा?"

"सूत्राप्रमाणे संपत नाही."

मी शिकवताना कधी बसत नाही. त्या दिवशी खुर्चीवर बसले.

वर्षश्राद्ध पासलीला झालं. पिंडाला कावळा लवकर शिवला, तेव्हा बायका म्हणाल्या, सुटला बाई. दुपारच्या गाडीनं आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या ओट्याशी उभ्या होत्या. दूध उतू गेलं तरी त्या तशाच.

"न्हाई थांबलं गं," त्या म्हणाल्या.

पाव उरतं, मग त्याचं निम्मं, असं काहीतरी सांगावं असं मनात आलं. पण धड्यातलं कमी तरी होत जातं. माझं निम्मंसुद्धा झालेलं नाही. जे मला ठाऊक नाही ते त्यांना कसं सांगू?

"नाही थांबत, आत्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि फडकं घेतलं. त्यानंतर त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही. विचारत होत्या तेव्हा त्यांना वाट बघायला एक दिवस तरी होता.

आता घरात आम्ही दोघी आहोत. त्यांनी फोडलेले चिंचोके डब्यात आहेत, चुऱ्यासकट.