ओसरीवरचे भाडेकरू

माझं दुकान ड्रॉइंगच्या कागदांचं आणि प्रिंटचं. कागद विकला जातो, किस्से मात्र दुकानातच साचतात. आर्किटेक्ट लोकांशी धंदा म्हटल्यावर इलाज नाही.

आता आमची सायली. कॉलेजात होती तेव्हापासूनची गिऱ्हाईक. फुलंब्रीच्या साहेबराव काकांचं घर हे तिचं पहिलंच काम. ते हातचं गेलं तर वडील तिला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसवणार, हे ठरलेलं. मग साधा नकाशा द्यावा की नाही? नाही. तिला म्हणे घराचा ‘अनुभव’ कागदावर आणायचा होता.

पहिलं चित्र तिनं चहाच्या पाण्यानं रंगवलं. भिंतींवर संध्याकाळचा उजेड. काकांनी माझ्या काउंटरवर कागद पसरून बराच वेळ पाहिला.

"पोरी, बांधायच्या आधीच ओल आली व्हय?"

*

मग उन्हानं छापायचा प्रयोग. कागदाला औषध लावायचं, वर घराचं मॉडेल ठेवून उन्हात टाकायचं. सावलीची जागा पांढरी राहते, बाकी निळं. गच्ची अर्थात माझी.

कागद धुतला, तर घरावर मोठा पांढरा ढग. आमच्या हिनं तिथंच दोरीवर माझं बनियन वाळत घातलेलं!

सायलीचे सर दुकानात आले होते, त्यांनी चित्र फार वाखाणलं. "आकाश धीट आहे. आणि ढगातल्या या निळ्या चांदण्या?"

बनियन जुनं होतं.

*

शेवटी तिनं कॉम्प्युटरवर रंगीत चित्र केलं. काका लगेच म्हणाले, "ओसरीवर हे गोरं जोडपं कोण?"

"काका, कॉम्प्युटरमधली तयार माणसं आहेत नुसती. घराचा अंदाज यावा म्हणून."

"भाडेकरू ठेवायचे तर आधी विचारायचं ना."

काकी मागून वाकल्या. "बाई बूट घालून बसलीय. हाकल तिला."

*

सायलीनं गोऱ्यांना हाकललं आणि काका-काकींचे फोटो ओसरीवर बसवले. चित्र गेलं काकांच्या थोरल्या भावाकडं, रंगनाथरावांकडं. जागा सामायिक, त्यांच्या होकाराशिवाय वीट लागणार नव्हती.

त्यांनी चष्मा लावला. "मी कुठं हाय?"

सायलीनं तिथंच लॅपटॉप उघडून त्यांना कुंपणाजवळ उभं केलं.

"धाकटा बसलेला अन् मी उभा?"

खुर्ची दिली.

"कडेला?"

ओसरीच्या मधोमध सरकवली.

"हां. आता बांधा."

काम वाचलं, घर झालं. वास्तुशांतीला रंगनाथराव फेटा बांधून आले, मोबाईलवर चित्र पाहून घेतलं, खुर्ची मागवली आणि चित्रातल्या जागीच बसले. ऐन दारात.

पाहुणे मागच्या दारानं आत गेले. गुरुजीसुद्धा.