आधी काटा बघा

गंगापूर रोडच्या आमच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले वजनकाटे दुरुस्त करायला कळवणकडचे एक काका यायचे. काट्याला हात लावण्याआधी रुमालात गुंडाळलेलं, काटा पडताळायचं पितळी वजन काढून हळुवार पुसायचे.

एकदा मी मास्तरी थाटात सांगितलं, "काका, आकाशगंगा, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावरून केलेल्या हिशेबापेक्षा जोरात फिरतात. म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात, तिथे न दिसणारं काहीतरी वजन असणार."

ते खुदकन हसले. "सर, वजन जास्त भरलं तर आम्ही लगेच मालात दगड नाय शोधत. आधी काटा बघतो."

"काही शास्त्रज्ञही तेच म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा नियमच तपासा."

"मंग तपासा की!" त्यांनी ते पितळी वजन माझ्या तळहातावर ठेवलं. "पण असं खात्रीचं वजन तिकडं आभाळात कुणी ठेवलंय का?"

ते वजन हातात धरूनच मी चहा मागवला.