कवचातले ठोके

काल अकोल्यात टाकी दुरुस्त करणाऱ्याने फायबरवर रेझिन लावलं आणि त्या उग्र वासासरशी मी अमरावतीत, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोहोचलो.

स्पर्धेसाठी आमच्या पायडलच्या गाडीचं फायबरचं बंद कवच तयार होत होतं. डोकं वर टेकतं का पाहायला माझा वर्गमित्र संदीप आत झोपला. आम्ही वरचा भाग रेझिनने ओल्या कडांवरच ठेवला. भर मे महिन्यात मी रेझिन घट्ट करणारं हार्डनर हिवाळ्याच्या जास्तीच्या मापाने टाकलं होतं. सांधा बघता बघता दगड झाला.

आतून ठोके आले. तीन. थांबून पुन्हा तीन.

करवतीने कापून त्याला बाहेर काढलं.

"किती ठोकून राहिला होता बे!" मी म्हणालो.

"मी कुठं ठोकलं? माहे हात तं अंगाखाली दबले होते."

रेझिन घट्ट होताना तापलं की आवाज करत तडकतं, हे आता कळतं. पण ते मोजून तडकत नाही.