मेहुण्याचा कोट आणि सहभागी क्रमांक ४७

सहभागी क्रमांक ४७. पुरुष, वय बासष्ट. व्यवसाय: शिंपी. तक्रार: दोन्ही हातांना कंप, उजव्यास अधिक. उपचार: चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यातील औषध, रोज एक गोळी. सदर गोळी खरी की कोरी, हे सहभागीस, परिचारिकेस व डॉक्टरांस ज्ञात नाही. इतर विकार: नाहीत.

इतर विकारांच्या रकान्यात मेहुण्याचा कोट लिहायची सोय नव्हती.

हा कोट चौदा महिने दुकानातल्या खुंटीवर होता. खांदे, अस्तर, कॉलर, सगळं जिथल्या तिथे. फक्त पोटावरच्या बटणाचं एक काज बाकी. शिंप्याने जन्मभर काजं हाताने केलेली. मशीनच्या काजाकडे तो दुसऱ्याच्या पोराने काढलेल्या चित्राकडे बघावं तसं बघायचा, म्हणजे सौजन्याने आणि थोडा वेळ. आता मात्र त्याच्या हातातली सुई कापडाच्या आसपास कुठेही टेकायची. मेहुणा महिन्यातून एकदा यायचा, कोट चढवायचा, पोटावर दुकानातली सेफ्टी पिन लावून आरशात बघायचा.

"दाजी, झकास झालाय. पिन तेवढी टोचते."

"मशीनवर काज करून घे."

"छे. तुमच्या हातचं काज हवं म्हणून तर थांबलोय. माझं वय काय, वाढतंच."

शिंप्याने त्याच आठवड्यात चाचणीत नाव घातलं.

औषधाला अजून नाव नव्हतं; दोन अक्षरं आणि चार आकडे, गाडीच्या पाटीसारखे. तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हे उंदरांना झेपलं, धडधाकट माणसांनाही झेपलं, आता थरथरणाऱ्या हातांची पाळी. याचा रेणू अगदी लहान, म्हणून थेट मेंदूत पोचतो.

"लहान आहे, तर वाटेत चुकणार नाही ना?" शिंप्याच्या बायकोने विचारलं. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती, म्हणजे तसा कागद तिच्याकडे होता.

"तेच तर तपासतोय, काकू."

तपासणी दर पंधरा दिवसांनी. कोऱ्या कागदावर मधल्या ठिपक्यापासून बाहेरपर्यंत गोल गोल रेघ काढायची, जिलबी घालावी तशी. पहिल्या दिवशी शिंप्याची रेघ कोंबडी चालून गेल्यासारखी दिसली. बायको मागे उभी राहून बघत होती. घरी आल्या आल्या तिने शंभर पानी वही काढली.

"हे काय?"

"अभ्यास. पुढच्या खेपेला पुन्हा हाच प्रश्न आहे. मी विचारून घेतलंय."

"अगं, ती परीक्षा नाही."

"कागद आहे, पेन आहे, समोर बाई बसून बघतायत. मग काय साखरपुडा आहे?"

तेव्हापासून सकाळी नाश्ता, गोळी आणि पन्नास जिलब्या. लाल पेनाने तपासून. चार महिन्यांत सात वह्या भरल्या. आठव्या खेपेला शिंप्याने अशी रेघ काढली की परिचारिकेने डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी कागद उजेडात धरला.

"काका, हे तुम्ही काढलंत?"

"सरावाच्या वह्या आणल्यात," बायको पिशवी उघडत म्हणाली. "तपासलेल्या आहेत."

डॉक्टरीणबाईंनी सातही चाळल्या. पाचवीत एके ठिकाणी लिहिलं होतं, 'छान. शेपूट सांभाळा.' त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकू, गोळीने किती फरक पडतो ते आम्हाला मोजायचं होतं."

"मोजा की. एकही गोळी चुकलेली नाही."

"आता यात गोळी किती आणि तुम्ही किती, ते कसं काढू?"

एकतीस वर्षांत वर्गातून असा प्रश्न आला नव्हता. बायकोने पिशवीची चेन लावली.

"म्हणजे मी नापास?" शिंप्याने विचारलं.

"नापास नाही हो. तुमच्या जिलब्या धरता येणार नाहीत, एवढंच. गोळी चालू ठेवा. पुढच्या वेळी या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतायचं. आणि काकू, घरी ओतायचं नाही."

दुपारी शिंप्याने कोट खुंटीवरून काढला. बायकोने सुईत दोरा ओवून दिला. याला तरी बंदी नव्हती. सरळ चीर घ्यायला गेला तर कात्रीचं टोक थरथरलं. त्याने श्वास सोडला आणि हाताला हवं तिकडे जाऊ दिलं. हात गोल फिरला. सात वह्यांनी घातलेल्या वळणाने टाक्यामागून टाका पडत गेला, एकही हलला नाही. दीड तासाने त्याने दोरा तोडला आणि मेहुण्याला फोन केला.

मेहुण्याने कोट घातला, मान खाली घातली.

"दाजी, हे गोल आहे."

"बटण जातंय का?"

"जातंय."

"निघतंय का?"

"निघतंय."

"मग मान वर कर. कॉलर दुमडतेय."

चाचणीच्या नोंदवहीत पुढील मजकूर आहे. सहभागी क्रमांक ४७: आरेखनाचे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. कारण: घरगुती अध्यापन. औषधाची परिणामकारकता: अनिश्चित. हस्तकौशल्यातील सुधारणा: अनिश्चित.

कोटाला एक काज आहे. मेहुणा पिन परत देऊन गेला.