खळ्यावरचे साहेब

"आधी बसून घेऊ," असं म्हणत सर खिशातला रुमाल काढायचे, झटकायचे आणि जे दिसेल त्यावर पसरून बसायचे. वाण्याची पायरी, देवळाचा कट्टा, उपडी घातलेली होडी. एकदा तर कुणाच्या तरी बंद पडलेल्या रिक्षात. मग शेजारची जागा थोपटून मला म्हणायचे, "बसा, पदवीधर."

पदवीधर हे नाव मीच ओढवून घेतलेलं. आमच्या कोळ्याच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि ते मी पहिल्याच दिवशी कुणी न विचारता सांगून टाकलं होतं. आजही सांगते. लाज कसली?

आमचं बंदराचं छोटं शहर राहायला किती चांगलं आहे, ते मोजायचं काम नगरपरिषदेने काढलं होतं. सर त्याचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. निवृत्त नगररचनाकार, रोज अलिबागहून यायचे. नळाला पाणी कधी येतं, दवाखाना किती लांब, पोरांना खेळायला जागा आहे का, अशा प्रश्नांची उत्तरं आम्ही टॅबवर भरायचो. त्यावरून शहराला गुण मिळणार आणि पुढची कामं ठरणार.

मला दारात उभ्या उभ्या उरकायची घाई. सरांना ते चालायचं नाही. "उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही हो. त्यांना वाटतं, हा मीटर कापायला आलाय."

ते खोटंही नव्हतं. एका घरी मालकांनी ऐटीत सांगितलं, "पाण्याचं एकदम उत्तम." सर रुमाल पसरून बसले. चहा आला, आणि चहासोबत आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "उत्तम? हंडे कोण भरतं, ते पण सांगा की!" सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "खोडा ते उत्तम."

पण बसायचा एवढा नाद असलेला हा माणूस एका ठिकाणी बसला नाही, आणि नेमका तिथेच चुकला.

बंदरालगत आमचं खळं आहे. मासळी सुकवायची मोकळी जागा. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिथे बोंबील सुकवते. त्याच बोंबलांवर माझं कॉलेज झालं. सर तिथे गेले ते भर आषाढात. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, खळ्यात गुडघाभर गवत. मी त्या दिवशी तापाने घरी. पाऊस कोसळत होता, म्हणून सरांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलं आणि शेरा मारला, 'वापरात नसलेली जागा.'

गणपती झाल्यावर आराखडा आला. शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांच्या गाड्यांसाठी खळ्यावर पार्किंग! त्या दिवशी आई जेवली नाही.

मी सरांना तोंडावर विचारलं, "सर, पावसात कोण मासळी सुकवतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी बसलोच नाही तिथे."

दसरा झाला, कडक ऊन पडलं, तसे सर सकाळीच खळ्यावर हजर. आई कमरेवर हात ठेवून उभी. "आलाव सायेब? आमी मेलो न्हाय अजून. पावसात घरात व्हतो, एवढंच."

"बसू का, आई?"

"बसा की. वास येल, नाक धरू नका मंग."

तिने मासळीचा प्लास्टिकचा क्रेट उपडा करून दिला. सरांनी रुमाल पसरायच्या आधी तिने तो क्रेट पदराने पुसला. दुपार कलेपर्यंत सर तिथून हलले नाहीत. डोक्यावर दोऱ्यांवर बोंबील, समोर जवळा पसरणाऱ्या बायका, कडेला जाळी शिवणारे म्हातारे. एका सोयरिकीची बोलणी तर त्यांच्यादेखतच झाली. सरांचं मत विचारलं गेलं. त्यांनी दिलंही!

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेच्या बैठकीत एक अधिकारी म्हणाले, "सर, शेरा तुमचाच आहे."

"माझाच. आणि चुकीचा आहे. मी गाडीतून पाहिलं."

बंगलेवाल्यांपैकी एकाने विचारलं, "आणि वासाचं काय?"

सरांनी आपली बाही हुंगली. "येतो ना. काल बायकोने मला ओटीवर जेवायला वाढलं. पण वास येतो, कारण तिथे माणसं आहेत."

सगळे हसले. पार्किंग एसटी स्टँडमागे गेलं. खळं राहिलं.

नंतर सर मुलीकडे पुण्याला राहायला गेले. फोनवर विचारायचे, "बोंबील काय म्हणतात?" तिथलं विचारलं की हसायचे. "सगळं आहे हो, पदवीधर. लिफ्ट, बाग, चोवीस तास पाणी. बाकावर बसलो की वॉचमन विचारतो, कुणाकडे आलात?" पुढच्याच पावसाळ्यात ते वारले. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता खळं मोकळंच हाय."

यंदा पुन्हा मोजणी आली. नवी पोरं, नवे टॅब. त्यातला एक जण स्कूटर बंद न करताच आईला विचारत होता, "मावशी, या जागेचा वापर काय?"

आईने क्रेट उपडा केला, पदराने पुसला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"आदी बसून घे," ती म्हणाली.