इस्माईलभाईंचा बोलका मूकपट

इस्माईलभाई गप्प झालेले मी एकदाच पाहिले, तेही त्यांच्या बायकोमुळे. एरवी आखातातल्या मेसईदच्या आमच्या कामगार कॅम्पात पाण्याचा पंपसुद्धा त्यांच्यापुढे शांत वाटायचा.

माणूस रत्नागिरीकडचा, कारखान्यात क्रेन चालवणारा. एका जर्मन इंजिनिअरने मायदेशी परतताना त्यांना पेन ड्राइव्हवर जुना मूकपट दिला. तिकडच्या कुठल्याशा गाजलेल्या गाण्यावरून काढलेली प्रेमकथा, एवढंच त्याने सांगितलं. मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या जर्मन. पण शुक्रवारी जेवणं उरकली की मेसच्या भिंतीवर तो लागायचा आणि शेजारी उभे राहून भाई सगळ्यांचे संवाद बोलायचे. "पिक्चर मुका हाय, मी न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नायिका डोळे टिपू लागली की बायकी आवाजात म्हणायचे, "अगो आई, कालवणात मिरची जास्त झाली!" दर शुक्रवारी गोष्ट नवी. आम्ही हसून लोळायचो.

मग त्यांनी घरी न विचारता करार दोन वर्षांनी वाढवला. त्यांच्या बायकोने, सकीनाभाभींनी, अबोला धरला. व्हिडिओ कॉल उचलायच्या, फोन डब्याला टेकवायच्या आणि भाकऱ्या थापत राहायच्या. भाईंचं जेवण सुटलं. आम्हालाही ते बघवेना.

त्या शुक्रवारी त्यांनी भाभींना कॉल लावून फोन भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर ठेवला. पडद्यावर नायक बोटीकडे निघाला, नायिकेने त्याची बाही धरली. भाई हळूच म्हणाले, "रडू नको गो. दोन वर्सं तर हायत. इन्शाल्ला, मग कायमचा येतंय."

"गेल्या खेपेला पण तुमी हेच बोललेले!" खुर्चीवरून आवाज आला.

मेस दणाणली. भाई मात्र आ वासून उभे. नायकाचे ओठ हलत होते आणि त्याला आवाज द्यायला कोणी नव्हतं.

"बोला की आता! तुमी पण त्या जर्मनांसारखे मुके झालात काय?"

"येतंय," भाई कसेबसे म्हणाले. "खलास. सही मागं घेतंय."

आणि खरंच घेतली. निघताना पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. मला आनंद झाला, आणि हेवाही वाटला.

परवा मी मोबाइलवर त्या पाट्यांचं भाषांतर करून पाहिलं. नायक परत येतच नाही! राहवेना, म्हणून भाईंना फोन लावून सांगितलं.

"पाटी चुकली असंल," ते म्हणाले. "तो आलाय. हिला विचार."

मागून भाभींचा आवाज आला, "आलेत, आलेत! आणि दिवसभर बोलतायत!"